निळ्या पेनाचा गोल

दात दुखत असताना माणसाने माईक हातात घेऊ नये. आणि घ्यायचाच असेल तर त्याआधी लवंगेच्या तेलात कापसाचा बोळा चिंब भिजवून हिरडीत कोंबू नये. यशदीपने त्या सकाळी दोन्ही गोष्टी केल्या.

जयंतीचा कार्यक्रम होता. विहाराच्या अंगणात मंडप, निळ्या पताका, दोन घरघरणारे कूलर आणि त्यांना दाद न देणारं एप्रिलचं ऊन. सूत्रसंचालन यशदीपकडे होतं, कारण रायपूरच्या त्या मोहल्ल्यात मराठी आणि हिंदी दोन्ही नीट बोलणारा, शिवाय वेळेवर येणारा असा तोच एक पोट्टा होता. नवा रायपूरला कंत्राटी इंजिनिअर, घरी आई, मोटारसायकल स्वतःची. मंडपातल्या बायकांनी त्याचा हा हिशेब केव्हाच मांडून ठेवलेला होता.

पहिल्या पाहुण्याचं नाव घ्यायच्या आतच त्याचा खालचा ओठ सुजला. जीभ लाकडासारखी. घाबरून त्याने गटागटा पाणी प्यायलं, तर हिरडीपुरती असलेली आग घशापर्यंत पसरली.

सरबताच्या टेबलाजवळ पांढऱ्या साडीत एक मुलगी उभी होती. तिने त्याच्या खिशातून डोकावणारी इवलीशी बाटली काढून घेतली, चिठ्ठी वाचली आणि चहासाठी ठेवलेल्या दुधाचा पेला त्याच्या हातात दिला.

"चूळ भरा. गिळू नका, थुंका. परत भरा."

तो थुंकत असताना तिने त्याच्या हातातले कागद घेतले, मंचावर गेली आणि पुढचा कार्यक्रम वाचून पार पाडला. चांगलाच पाडला. फरक लोकांना जाणवला, आणि तो चांगल्याच बाजूने जाणवला, हे गोदावरीबाईंनी, म्हणजे यशदीपच्या आईनेच, त्याला घरी आल्यावर आवर्जून सांगितलं.

मुलीचं नाव भावना. बी. फार्म. करून बूढापाऱ्यात, तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत, एका औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळायची. हे कळायला यशदीपला फार कष्ट पडले नाहीत. आधी तो दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आला, मग ओठ पूर्ववत झाल्याची आरशात खात्री केली, मग आभार मानायला गेला. आभार फोनवरही मानता आले असते. पण ते असो.

काउंटरवर पोचल्यावर तो हिंदीत सुरू झाला, जसं तिथली सगळी पोरं होतात. भावनाने त्याला मधेच थांबवलं. म्हणाली, मंचावर मराठी, काउंटरवर हिंदी, असं चालणार नाही.

"बरं... त्या दिवशी मले काहीच बोलता नाही आलं," तो म्हणाला.

"आता येऊन राहिलं न? बोला मग."

आणि गंमत अशी की आता ओठ ठीक, जीभ ठीक, दात ठीक — तरी शब्द काही फुटेना. शेवटी त्याने तेलाबद्दलच विचारलं. घरगुती उपाय होता, आजीच्या वेळचा, मग चटका काहून बसला?

"आजी लवंग चावत होती. एक लवंग," भावना म्हणाली. "हे तेल म्हणजे ढीगभर लवंगांचा अर्क. मसालेभातात कोणी मूठभर लवंगा टाकते काय? दोन चमचे खोबरेल, त्यात एक थेंब. त्यात कापूस टेकवायचा, जरा वेळ धरायचा, आणि दवाखान्यात जायचं."

"पाण्यात टाकून घेतलं असतं तर?"

"पाण्यात तेल मिसळते? वेगळंच राहते ते, आणि लागते तिथं पुरं लागते. तेलाले तेलच पाहिजे."

हे सांगताना ती गल्लीकडे पाहत होती, आणि तो तिच्याकडे. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिलं तर त्या संध्याकाळी तिचं ज्ञान खर्ची पडलं आणि त्यातलं त्याच्या पदरी जेमतेम अर्धं पडलं. उरलेलं अर्धं विचारायला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

एव्हाना ओठाची गोष्ट विहारभर झाली होती, आणि बायका आपापल्या बाटल्या घेऊन भावनाला गाठू लागल्या होत्या. महिला मंडळाच्या मायाताई गुडघ्यांना निलगिरीचं तेल बाटलीतून थेट चोळत. वर, सर्दी झाली म्हणून नातवाच्या नाकाखालीही तेच लावत. भावनाने हात जोडून सांगितलं की लहान लेकराच्या नाकाजवळ हे नेऊच नका, श्वास अडकतो. मायाताईंनी मान डोलावली आणि घरी जाऊन बाटली जराशी लांब धरून लावली.

तेव्हा भावनाने ठरवलं, सांगून उपयोग नाही. आपणच एक तेल करून द्यायचं, आधीच पातळ केलेलं. कूलरच्या वाऱ्याने मे महिन्यात सगळ्यांचे गुडघे धरतात. त्यांच्यासाठी तिळाच्या तेलात अर्काचे मोजून थेंब. बायकांच्या हातात हीच बाटली गेली की दुसरी जाणार नाही. पण द्यायच्या आधी तपासायचं: हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, एक थेंब, भोवती पेनाने गोल, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठे बघायचं ते चुकत नाही. एक दिवस थांबायचं. लाल झालं, खाजलं, तर ते तेल बाद. एक हात तिचा स्वतःचा होता. पण तिची कातडी म्हणजे, तिच्याच शब्दांत, गेंड्याची, दुसरीही हवी...

तिचं वाक्य संपायच्या आत यशदीपने बाही वर केली होती.

मग मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी सुरू झाल्या. तो नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून धूळ खात यायचा, दुकानाच्या नळावर हात धुवायचा आणि काउंटरच्या काचेवर पालथा न ठेवता उताणा ठेवायचा. ती त्याचं मनगट दोन बोटांनी धरायची. थेंब पडायचा, गार, मग हळूहळू अंगाच्या उबेचा. त्याभोवती निळ्या पेनाचा गोल, सावकाश, टोकाला टोक जुळवत. गोल इतका सावकाश काढायची गरज नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दुखते काय?" ती विचारायची.

"पेन दुखते. तेल नाही."

"मग पेन बाद करू?"

"नको, नको. पेन चालते मले."

रात्री तो हात चादरीबाहेर काढून झोपायचा, गोल पुसू नये म्हणून. गोदावरीबाईंना दिसायचं. त्या काही विचारत नसत. न विचारता सगळं समजून घेण्यात त्यांची उभी हयात गेली होती.

सुंठीचं तेल पास झालं. निलगिरीचं पास झालं. मग भावनाने दालचिनी आणली. दालचिनीने तेलाला अशी ऊब आली, असा काही वास सुटला, की ती स्वतःच्याच कामावर खूश झाली. त्या संध्याकाळी ती एरवीपेक्षा जास्त बोलली. बाटल्या आणून ठेवल्यात म्हणाली, रविवारी वंदनेनंतर वाटायच्या म्हणाली. आणि पहिली बाटली कोणाला द्यायची तेही ठरलंय — पण ते सांगणार नाही.

मध्यरात्री यशदीपचा हात पेटला. गोलाच्या आत लाल, गोलाच्या बाहेरही लाल. पाणी लावायचं नाही हे त्याला आता पाठ होतं. खोबरेल लावून पुसलं, मग साबणाने धुतलं. सकाळपर्यंत तिथे फोड आले होते.

आता खरं म्हणजे सोपं होतं. जायचं, हात दाखवायचा, तेल बाद. पण माणूस प्रेमात पडला की सोप्या गोष्टींचा त्याला कंटाळा येतो. यशदीपला तिचा आदल्या संध्याकाळचा चेहरा दिसत होता. तो चेहरा आपल्या हाताने उतरवायचा? त्याने बेचाळीस डिग्रीत पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, बटणं लावली आणि काउंटरवर सांगितलं, काहीच नाही झालं. गोल? आंघोळीत धुऊन गेला.

पाहिल्याशिवाय मानायचं नाही हा भावनाचाच नियम. तिच्या स्वतःच्या हातावर काहीच उठलं नव्हतं. तिने त्याच्या बंद बाहीकडे पाहिलं, घामाकडे पाहिलं, आणि मानलं. कारण तिलाही तेच उत्तर हवं होतं.

रविवारी वंदना झाली, बायका अंगणात लिंबाच्या सावलीत बसल्या. भावनाने पिशवीतून पहिली बाटली काढली आणि सरळ गोदावरीबाईंच्या हातात ठेवली. वाकून म्हणाली, "काकू, तुमच्यासाठी पहिली. यशदीपच्या हातावर तपासूनच दिली आहे."

मायाताईंनी शेजारणीला कोपर मारलं. गोदावरीबाई हसल्या, मुलाकडे एक नजर टाकली — त्या नजरेत नातवंडांपर्यंतचा सगळा आराखडा होता — आणि तिथेच झाकण उघडून तळहातावर तेल ओतलं.

यशदीप पूर्ण बाह्यांत उभा होता. त्याच्या एका गप्प राहण्यावर आता आईचे गुडघे होते, आणि एका बोलण्यावर बाकी सगळं.

"आई, नको लावू ते."

सगळ्यांनी वर पाहिलं. त्याने बाहीचं बटण काढलं आणि हात पुढे केला. फोड बसले होते. तपकिरी, सोललेला डाग उरला होता, बऱ्यापैकी मोठा.

"त्या रात्रीच झालं होतं," तो भावनाला म्हणाला. "मी खोटं बोललो."

भावना जवळ आली. हात धरला नाही, नुसता वाकून पाहिला.

"कशानं पुसलं?"

"खोबरेलानं. मग साबण."

"म्हणजे तेवढं ऐकलं होतं."

तिने आपल्या रुमालाने गोदावरीबाईंचा तळहात पुसला, बाटली परत घेतली, बाकीच्या पिशवीतून बाहेरच काढल्या नाहीत. फाटकापर्यंत गेली आणि थांबली. तो मागे आला होता.

"एक सांग," ती म्हणाली. "पहिली बाटली दुसऱ्या कोणाच्या आईले दिली असती, तर बोलला असता?"

हो म्हणणं अगदी जिभेवर होतं. कोणत्याही पोट्ट्याने म्हटलं असतं. यशदीपने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "माहीत नाही."

ती स्कूटीला किक मारून निघून गेली.

त्यानंतर काउंटरवर त्याला फक्त औषधं मिळाली. आईची रक्तदाबाची गोळी, एकदा उगाचच घेतलेला खोकल्याचा काढा. भावना पाकीट द्यायची, सुटे द्यायची, 'पुढचे' म्हणायची. मागे कोणी नसलं तरी. तो अर्ध्या बाह्यांत यायचा, डाग झाकायचा नाही. विहारात मायाताईंनी विषय काढला तर सरळ सांगायचा, तेल जोराचं होतं आणि मी लपवलं. मायाताईंना त्यात काही मजा राहिली नाही. लपवलेल्या गोष्टीचाच त्यांना नाद होता. नुसत्या डागाकडे पाहून मात्र त्यांनी निलगिरीची बाटली माळ्यावर टाकली, जे भावनाच्या एवढ्या सांगण्यानेही झालं नव्हतं.

गोदावरीबाई एकदा दुकानात आल्या. गुडघ्याचं काही बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "लबाडी त्याले जमत नाही, पोरी. त्याच्या बापालेही नव्हती जमत. लई वर्षं सुखात गेली माझी."

डाग फिकट होत गेला. एका संध्याकाळी यशदीप गोळ्या घेऊन वळला, तसा मागून आवाज आला.

"हात दे."

अहो-जाहो कुठे गळालं, त्याची नोंद कोणी ठेवली नव्हती. त्याने दुसरा, बिनडागाचा हात काचेवर ठेवला. तिने नवी बाटली काढली. दालचिनी काढून टाकलीय म्हणाली; ती आपल्या हातात बसत नाही, मसाल्यातच बरी. तेल जास्त, थेंब कमी. आणि मग, टोपण लावता लावता, "त्या दिवशी मी पण बाही वर करायले नाही सांगितलं. ती माझी चूक."

थेंब पडला. गोल निघाला, पण भरभर, कामापुरता.

दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर पोचला आणि बोलायच्या आधी हात समोर केला. गोल जागच्या जागी, कातडी साफ. भावनाने दिव्याखाली धरून नीट पाहिली, बोट फिरवून पाहिलं.

"खरं सांग."

"जळजळ नाही. रात्री जराशी खाज आली होती, मच्छर असेल, पण तू तेलाचीच धरून चाल. आणि वास... वास खराब आहे. पहिलेवाला चांगला होता."

"अजून?"

"त्या दिवशी मंचावर तू माझ्यापेक्षा चांगलं बोलली. मले राग आला होता, थोडा. अजून, तो काढा मी पिलोच नाही." गल्लीतून एक स्कूटर गेली, तिचा आवाज त्याने जाऊ दिला. "अजून... तू मले आवडते. हे जयंतीपासूनच आहे, पण तेव्हा ओठ सुजला होता."

भावना हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि ते लपवायला खाली पाहिलं तर हातात त्याचंच मनगट. तिने ते सोडलं नाही. कानामागचं निळं पेन काढलं, आणि जुन्या गोलाशेजारी दुसरा गोल काढला. सावकाश. टोकाला टोक जुळवत.

तो थेंबाची वाट पाहत राहिला. बाटली काही उघडली नाही.

"यात काय आहे?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती पेनाला टोपण लावत म्हणाली. "उद्या दाखवायले ये."