दुसरी बॅटरी

बोटीच्या बॅटऱ्या दोन होत्या. एक बोटीवर, दुसरी घरी चार्जरला, आलटूनपालटून. थोरला भाऊ पहिली घेऊन समुद्रात गेला, त्याला आठवडा उलटला होता. शोधायला गेलेले सगळे हात हलवत परत आले होते.

आणि वहिनी धाकट्याच्या दुकानात काय घेऊन आली, तर बॅटरी आणि बिघडलेला चार्जर!

"भावजी, एवढा दुरुस्त करा. आल्या आल्या बॅटरी मागतील. तयार नसली की घर डोक्यावर घेतील."

धाकटा इलेक्ट्रिशियन. नाही कसं म्हणणार? त्याने फ्यूज बदलला, तुटकी वायर डाग देऊन जोडली, बॅटरीला चिमटे लावले. दुपारी बॅटरी भरली, वीज ओढायची थांबली, तशी चार्जरची सुई शून्यावर आली.

आणि टुणकन उसळली. क्षणभर थांबली, पडली. पुन्हा उसळली.

"काय नखरे चाललेत हिचे!" तो पुटपुटला. चिमटे घासले, मीटर बदलला. छे, तेच. बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप असाच चालतो. पाणी साचलं की सुरू, उपसलं की बंद. पण या बॅटरीला पंप कुठला? चार्जरखेरीज एक वायर नव्हती.

वहिनीने खांद्यावरून वाकून पाहिलं. जन्म बोटीवर काढलेली बाई, तिला सांगावं लागलं नाही.

"उपसतायत," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की त्याला रडूच आलं.

दोघं सुईकडे बघत बसली. ऊन कलल्यावर सुई वर गेली ती खाली येईना. पंप थांबतच नव्हता. बॅटरी पार उतरली, सगळा भार चार्जरवर आला. चार्जर हात पोळेल इतका तापला.

"याच्याने निभणार नाही. मोठा लावतो."

"लावा, लवकर लावा."

आधी बटण बंद. मग जुने चिमटे सोडायचे, नवे लावायचे, मग बटण चालू. ठिणगी उडू नये म्हणून वर्षानुवर्षं हाताला लागलेली सवय. हातांनी तसंच केलं.

मोठ्या चार्जरवर बॅटरी मुकाट्याने भरत गेली. सुई एकदाही उसळली नाही.

सावकाश शून्यावर आली.

तिथेच राहिली.

"मी पंप बंद केला," तो म्हणाला. "वहिनी, मी बटण बंद केलं."

वहिनीने पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"पाणी फार गार असेल ना हो, भावजी?"