पुढच्या झाकणाखाली

ज्यांना भुताच्या गोष्टीत पांढरी साडी आणि उलटे पाय हवे असतील, त्यांनी आताच उठून झोपायला जावे. ही हकीकत भद्रावतीच्या बशीर मिस्त्रीची आहे, आणि बशीर हा खोटे बोलण्याइतका कल्पक माणूस नव्हता.

माजरीला कोळसा वाहतुकीचा एक ठेकेदार होता. त्याला सारे विक्कीशेठ म्हणत. त्याने इटलीची एक मोटार आणवली. तिकडच्या कुठल्याशा लहान कारखान्याने अशा अवघ्या साठ गाड्या बांधल्या आणि कारखाना बंद पडला. वस्तू निःसंशय देखणी होती. दोनच आसने, इंजिन पाठीमागे, उंची माणसाच्या कमरेइतकी, पोट जमिनीपासून चार बोटे वर. असली गाडी ट्रकांनी नांगरलेल्या रस्त्यावर आणणाऱ्याच्या बुद्धीविषयी अधिक न बोललेलेच बरे. तिचे नावही त्याला धड उच्चारता येत नसे. किंमत मात्र तोंडपाठ होती.

एप्रिलात एका पहाटे, जंगलातून मोहर्लीला जाणाऱ्या रस्त्यावर, शेठच्या हातून तिचे नाक फुटले. रानडुक्कर आडवे आले, असे शेठने सांगितले. सुटे भाग मिळणे अशक्य. म्हणून बशीरने साचा करून, फायबरचे थर चढवून, आठ महिन्यांत नवे नाक हाताने घडवले. शेठला त्याचे कौतुक ते काय असणार! त्याला मोहर्लीच्या विश्रामगृहावर पाहुण्यांपुढे मिरवायचे होते. गाडी रविवारी सकाळी सातला तिथे उभी नसेल तर गॅरेजची शेड रिकामी कर, असा निरोप आला. जागा शेठची होती. बशीरची बावीस वर्षे त्या शेडमध्ये गेली होती.

चौदा डिसेंबर २००२, शनिवार. रात्री बाराला दहा मिनिटे कमी असताना तो पद्मापूरच्या नाक्यावर पोहोचला. तिथला जंगलखात्याचा चौकीदार कोलू याने अडसर उचलला, गाडीवर बॅटरी फिरवली आणि इंजिन कुठे असते ते विचारले. बशीरने ऐटीत मागे बोट दाखवले.

कोलू थबकला. "मांगं हाय म्हंता, भाऊ. मंग पुढं काय वाजून राह्यलं?"

पुढच्या झाकणाखाली सामानाचा कप्पा होता. रिकामा. बशीरने तो स्वतः पुसून कुलूप लावले होते.

टक… टक…

काहीतरी सैल असेल, असे तो म्हणाला. स्वतःच्या कामाविषयी असे बोलण्याची त्याच्यावर ती पहिलीच वेळ.

जंगल सुरू झाले. त्याने वेग वाढवला. ठेका तोच. वेग कमी केला. ठेका तोच. अखेर त्याने गाडी उभी केली. इंजिन बंद केले.

टक… टक…

तो उतरला. झाकणावर तळवा ठेवला. आतून ठोका आला, नेमका तळव्याखाली. त्याने हात सरकवला.

ठोकाही सरकला…

किल्ली खिशात होती. त्याने ती काढली नाही.

पुढे एका वळणावर आवाज थांबला. ते अधिक वाईट होते.

मोहर्लीला पोहोचल्यावर उजाडेपर्यंत तो गाडीपासून दूर, विश्रामगृहाच्या चुलीपाशी बसून राहिला.

सातला शेठ पाहुण्यांसह आला. "मिस्त्री, पुढचं खोल. ह्यायले दाखव, इंजिन इथी नसते."

बशीरने कुलूप काढले. कप्प्यात ओंजळभर मोहफुले होती. टपोरी, पिवळसर, दवाने भिजलेली.

झाडलोट करणारी शकुबाई खराटा तसाच धरून जवळ आली. मोह चैत्रात फुलतो आणि बाया तो पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेला वेचतात, हे तिथे तिलाच सुचले. तिने एक फूल बोटांत दाबून पाहिले.

"हे तं आज पहाटेचे फुलं हायत."

बशीर वळला. "शेठ… ते डुक्करच होतं काय?"

शेठ दोन पावले मागे सरला. आणखी दोन…

बशीरने किल्ली झाकणावर ठेवली, आणि शेड त्याच दिवशी स्वतः रिकामी केली. गाडी तिथेच उभी राहिली. कप्पा लावायलाही कोणी पुढे झाले नाही. डिसेंबरातले कोरडे ऊन त्यावर तीन दिवस पडत होते. चौथ्या दिवशीही फुले ओलीच होती, असे शकुबाई सांगे.