उजवा हात

मी डावखुरी. आई, शाळा, शेजारच्या काकू, सगळ्यांनी जंग जंग पछाडलं. हात काही बदलला नाही. चित्रंही मी डाव्यानेच काढते.

पहिला व्हिडिओ घाईत सेल्फी कॅमेऱ्याने घेतला. नुसता हात, कुंचला आणि पाण्याची वाटी. माझ्या फोनचा तो कॅमेरा आरशासारखं उलटं टिपतो, हे व्हिडिओ टाकल्यावर लक्षात आलं. पण लोकांना तो उजवा हात भलताच आवडला. म्हटलं, चालतंय तर चालू द्या! पुढचे सगळे व्हिडिओ मी मुद्दाम उलटे करून टाकले. चेहरा कधी दाखवला नाही. लोकांच्या लेखी तो हात म्हणजेच मी.

घरात ताई आणि मी दोघीच. ताई म्हणायची, "हात तुझा नि कौतुक भलत्याचंच. बंद कर ते खातं."

मग एका कलादालनाने लोकांसमोर चित्र काढायला बोलावलं. पाचावर धारण बसली, पण नाही म्हणवेना. म्हणून उजव्याने सराव करायला बसले. कुंचला कागदाला टेकला मात्र, हात सुटलाच. झाड, पायऱ्या, खिडकी, सगळं माझ्याहून सुबक. आनंद व्हायला हवा होता; मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी डाव्या हातातून कप निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली.

"दोष काही नाही. तुम्ही उजव्याच ना?"

"नाही हो, डावखुरी."

"मग कुंचल्याचा घट्टा उजव्या बोटाला कसा?"

मी पाहिलं. होता.

घरी येऊन दिव्याचं बटण चाचपलं. भिंत कोरी. बटण दाराच्या पलीकडच्या बाजूला होतं.

"ताई, बटण कधी हलवलं?"

"बरी आहेस ना? तिथेच तर असतं." ती हसली. तिच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर होता.

खातं बंदच करायचं ठरवून मी फोन उघडला. पासवर्ड चालेना. पण माझ्या खात्यावर लाइव्ह चालू होतं.

माझीच खोली. बटण जागच्या जागी. डावा हात चित्र काढत होता. शेजारी ताई आली, तीळ डाव्या गालावर. तिने कप पुढे केला. हाताने तो घट्ट धरला.

"आता बरं वाटतंय ना?"

"हो." आवाज माझा होता.

"मग बंद कर ते खातं एकदाचं."

मी ओरडले. जीव तोडून ओरडले. "ताई, ती मी नाही!"

तिकडची ताई आपल्या कपातला चहा पीत राहिली.

हाताने कप ठेवला. निळ्या रंगाने भिजलेली बोटं फोनकडे आली. पडदा काळा झाला.

काचेवर निळे ठसे उमटले होते. मी बाहीने पुसले. नखाने खरवडले.

ते काचेच्या आतल्या बाजूला होते.