काँटिनेंटलची तेरावी जागा

डेल हावलिक खुर्चीवर बसला नाही. टोपी दोन्ही हातांत धरून तो मार्गो लिंडक्विस्टच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या पोरीनं पुतळ्याचं नाक रंगवलं. बाकी तिनं काही केलेलं नाही."

कोपऱ्यात अर्ल स्टँगल डोनट खात होता. अर्ल हा मार्गोच्या दिवंगत नवऱ्याचा भाऊ. गुप्तहेरीच्या धंद्यात तिचा मदतनीस, आणि शिक्षणाने, वंशाने व मोटारीवरच्या स्टिकरांनी कॉटनवुड स्टेट कॉलेजचा भक्त. तरुणपणी एक हंगाम तो कॉलेजच्या फुटबॉल संघात होता. म्हणजे बाकावर होता.

"पुतळा कोच टोलेफसनचा आहे," अर्ल म्हणाला. "नाक रंगवणं म्हणजे काहीच नाही का?"

मार्गोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. अर्लने उरलेला डोनट तोंडात कोंबला.

प्रकरण सगळ्या हॅडली गावाला तोंडपाठ होतं. काँटिनेंटल हा बड्या कॉलेजांचा क्रीडा गट. त्यात बारा कॉलेजं होती आणि तेरावी जागा भरायची होती. आत शिरणाऱ्याचे सामने देशभर टीव्हीवर दिसणार; बाहेर राहणाऱ्याचे सामने त्याचे आईबाप बघणार. या जागेवर दोघांचा डोळा होता. एक हॅडलीचं कॉटनवुड आणि दुसरं नदीपलीकडचं ब्लफ रिव्हर. दोघांचं वैर इतकं जुनं, की नवरानवरी वेगवेगळ्या कॉलेजांतले असतील तर पाद्री लग्नाआधी दोघांना वेगवेगळं बसवून समजावत असे.

सोमवारी काँटिनेंटलची पाहणी होती. रविवारी संध्याकाळी गाव चर्चच्या जेवणाला गेलेलं असताना कोणीतरी कॉटनवुडच्या लॉकर रूममध्ये शिरलं. आग विझवायच्या सिलिंडरमधली पांढरी पावडर खोलीभर उडवली, कपाटं आडवी केली आणि भिंतीवर नारिंगी रंगात 'ब्लफ रिव्हर' असं लिहिलं. नारिंगी हा ब्लफ रिव्हरचा रंग. गावाला असा धक्का बसला, की सोमवारी न्हाव्याच्या दुकानातसुद्धा कोणी बोललं नाही.

आणि त्याच संध्याकाळी शेरीफला पुतळ्यापाशी टेसा हावलिक सापडली. ब्लफ रिव्हरची लांब पल्ल्याची धावपटू. तिचे हात नारिंगी होते.

मार्गोने विचारलं, कॉलेज काय म्हणतं. डेल म्हणाला, ब्लफ रिव्हरनं त्याच दिवशी तिला संघातून काढलं. काँटिनेंटलला आपण किती सज्जन आहोत हे दाखवायची घाई होती. शिष्यवृत्ती थांबली. शुक्रवारी घरफोडीचा आरोप ठेवणार.

"ती पळते म्हणून शिकते, बाई," डेल म्हणाला. "मी धान्याच्या गोदामात आहे. शुक्रवारनंतर तिचं दोन्ही संपलं."

टेसा कोठडीत गुडघे जवळ घेऊन बसली होती. तिने न विचारता नाकाची कबुली दिली. हंगामात एकदा एकमेकांचे पुतळे रंगवायचे, हे दोन्ही कॉलेजांत पूर्वापार चालत आलेलं. पण धुता येणाऱ्या रंगाने. "पक्का रंग आम्ही कधीच वापरत नाही," ती म्हणाली. "उद्या ते आमच्या पुतळ्याला पक्का लावतील ना."

लॉकर रूमचं दार क्रीडासंचालिका जोआन रेट्झने उघडलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. पाहणीसाठी शनिवारीच दाराचं कुलूप उघडायचा आकडा बदलला होता आणि तो तिघांनाच माहीत होता: ती स्वतः, कुलगुरू एन्सली, आणि पाहुण्यांना खोली दाखवणार होते ते निवृत्त कोच टोलेफसन. संघ वायोमिंगमध्ये हिमवादळात अडकलेला. त्यांनासुद्धा तो सांगितलेला नव्हता. शेरीफच्या मते दार नीट लागलं नसावं आणि पोरीचं नशीब.

शेरीफने दारातूनच फोटो काढले होते. खोली जशीच्या तशी ठेवायचा हुकूम कुलगुरूंचा होता; काँटिनेंटलच्या लोकांना ब्लफ रिव्हरचे प्रताप दाखवायचे होते.

पावडरीत पावलांचे फराटे होते. बुटांना पिशव्या बांधलेल्या असाव्यात. माप कळण्यासारखं नव्हतं. फराटे कपाटांपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून पलीकडच्या कपाटांपर्यंत आणि परत दाराकडे गेले होते. खोलीच्या मधोमध फरशीवर जेवणाच्या टेबलाएवढं कॉलेजचं चिन्ह होतं, बायसनचं डोकं. त्याच्यावर पावडर ताज्या बर्फासारखी सपाट पडलेली होती. दाराच्या वर आतल्या बाजूने कॉलेजच्या नावाची जुनी लाकडी पाटी होती. तिच्यावर एका पंजाचा पांढरा ठसा उमटला होता.

"उडी मारून थप्पड मारली असेल तिनं," जोआन म्हणाली. "माज, दुसरं काय."

मार्गोने अर्लला समोरच्या भिंतीवरचा रंग बघायला पाठवलं. अर्ल कडेकडेने निघाला, आडव्या कपाटाला अडखळला, शिव्या पुटपुटला आणि भिंतीपाशी पोचला. ओल्या रुमालाने रंग निघाला नाही. तो आल्या वाटेनेच परत आला.

इतक्यात कुलगुरू प्रेस्कॉट एन्सली आले. ते मूळचे बोस्टनचे, अर्थशास्त्राचे. सरळ खोलीच्या मध्यावर जाऊन ते थांबले आणि हात पसरून म्हणाले, "हे बघा, बाई. ही संस्कृती आहे त्यांची."

जोआनने डोळे मिटून घेतले. अर्लच्या घशातून आवाज निघाला.

"काय झालं?" कुलगुरूंनी विचारलं.

"सर, तुम्ही बायसनवर उभे आहात," जोआन म्हणाली. मग तिने मार्गोला हळू आवाजात सांगितलं, की इथे त्या चिन्हावर कोणी पाय देत नाही. तीन वर्षं झाली, कुलगुरूंना सांगून सगळे थकले.

कुलगुरूंनी खाली पाहिलं, हसले आणि तिथेच उभे राहून बोलत राहिले. रविवारी संध्याकाळी ते घरी भाषण लिहीत होते, एकटेच. खरं सांगायचं तर कॉटनवुड मागे पडलं होतं. ब्लफ रिव्हरचे चाहते मोठ्या शहरात राहतात, घरं जास्त, टीव्ही जास्त. "पण आता काँटिनेंटल त्यांना कशी घेईल?" ते म्हणाले. त्यांना बसलेला धक्का त्यांना चांगलाच मानवला होता.

जोआनही रविवारी एकटीच होती, शेजारच्या कार्यालयात. चर्चला ती जात नाही. निघताना अर्लने सवयीने हात वर करून दारावरच्या पाटीकडे नेला आणि ठसा दिसताच मागे घेतला. मार्गोने जोआनला विचारलं, तुम्ही नाही का हात लावत?

"मी? इथे वीस वर्षं नोकरी केली, पण मी पोहणारी," जोआन म्हणाली. "पाटीला हात लावायचा तो इथून फुटबॉल खेळून गेलेल्यांनी. मी लावला तर माझाच हात मला खाईल."

शेवटी ती दोघं टोलेफसनकडे गेली. कोच सत्तरीचे, दारात वाकून शिरावं लागेल एवढे उंच. याच संघातून खेळले आणि मग तीस वर्षं त्यांनी संघ घडवला. अर्ल त्यांच्यासमोर टोपी काढून उभा राहिला. चर्चमध्ये तो ती काढायला विसरतो. कोचनी कॉफी दिली, पाय दिला. इथे पाय म्हणजे सफरचंदाचा. तोडफोडीपेक्षा मुलीबद्दलच त्यांनी जास्त विचारलं. खायला देतात का. वकील कोण आहे. आरोप ठेवतीलच का, की सोडतील. रविवारी ते तब्येतीमुळे जेवणाला गेले नव्हते.

परतताना अर्ल म्हणाला, "बघितलंस? शत्रूच्या पोरीची काळजी. असा माणूस होणे नाही."

"खरंय," मार्गो म्हणाली.

गुरुवारी दुपारी तिने सगळ्यांना लॉकर रूममध्ये बोलावलं. कुलगुरू, जोआन, कोच, डेल हावलिक, आणि पाहणीसाठी आलेल्या काँटिनेंटलच्या मिसेस स्ट्रँड. या बाईंच्या चेहऱ्यावर आठवडाभर एकच भाव होता, विमानाची वाट बघणाऱ्याचा.

मार्गो दाराशी उभी राहिली. "टेसा इथे आलीच नव्हती," ती म्हणाली. "पुतळ्यावरचा रंग पाण्याने गेला. हा रुमालाने निघत नाही. पण रंग राहू दे. या पावलांकडे बघा. हा माणूस खोलीभर फिरला. या कपाटापासून त्या कपाटापर्यंत जायचं तर सरळ वाट चिन्हावरून जाते. तो दर वेळी वळसा घालून गेला. शत्रूच्या कॉलेजातून आलेली मुलगी काय करेल? बायसनच्या तोंडावर आधी नाचेल."

तिने अर्लकडे बोट दाखवलं.

"आमच्या अर्लनेही वळसाच घातला. विचार करून नाही. त्याच्या पायांनाच ते माहीत होतं. ज्याने शत्रूने तोडफोड केल्याचं सोंग केलं, त्याच्याही पायांना माहीत होतं. म्हणजे माणूस घरचा. दाराचा आकडा तिघांना ठाऊक. कुलगुरू त्यात नाहीत, ते माझ्यादेखत बायसनवर उभे राहिले आणि सांगितल्यावरही उतरले नाहीत."

कुलगुरूंचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदाच गैरवर्तनाचा फायदा झाला होता.

"उरले दोघं. ठसा पावडरीचा आहे, म्हणजे सगळं उरकून जाताना उमटलेला. बाहेर पडताना कोणाचा तरी हात सवयीने वर गेला. जोआन वीस वर्षांत एकदाही पाटीला हात लावू धजली नाही. ती सवय खेळून गेलेल्यांची."

अर्लला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "मार्गो," तो म्हणाला, "थांब. पुढे बोलू नकोस."

मार्गो खरंच थांबली. दार उघडून म्हणाली, बाकीचं माझ्या कार्यालयात बोलू, चला.

सगळे एकेक करून निघाले. टोलेफसन दारात आले आणि त्यांचा हात वर गेला. पाटीपाशी जाऊन तो थबकला. पांढरा ठसा आणि मोठा पंजा, दोन्ही समोरासमोर आले. हात खाली घ्यायलाही त्यांना जमलं नाही.

"कोच?" जोआन म्हणाली.

"ती पोर माझ्या हिशेबात नव्हती," टोलेफसन म्हणाले. "कोणीच सापडणार नव्हतं. नुसता ब्लफ रिव्हरचा बभ्रा व्हायचा होता." मग ते मार्गोशी नाही, अर्लशी बोलू लागले. "ते गेले असते आणि आपण मागे राहिलो असतो. दहा वर्षांत या मैदानावर कोणीतरी मका लावला असता. मी हे मैदान उभं केलं रे."

"आणि चार दिवस?" डेलने विचारलं. त्याचा आवाज शांत होता. "चार दिवस माझी पोर आत आहे."

"रोज सकाळी शेरीफकडे जायला निघालो. रोज वाटायचं, आज सोडतील."

"मी चार दिवस कामावर न जाता शेरीफच्या दारात बसलोय," डेल म्हणाला. "तुम्ही तुमच्या घराच्या फाटकापर्यंत तरी जात होता का?"



कुलगुरूंना आता खराखुरा धक्का बसला होता, तो मुख्यतः वेळापत्रकाचा. त्यांनी घसा साफ केला. मुलीवरची तक्रार कॉलेज आजच मागे घेईल, म्हणाले. ती घरी जाईल. बाकीचं, म्हणजे नेमकं कोणी केलं वगैरे, हे काँटिनेंटलचा निर्णय होईपर्यंत या खोलीत राहिलं तर कोणाचंच नुकसान नाही. हे त्यांनी मिसेस स्ट्रँडसमोरच म्हटलं. माणूस गोंधळला की शिक्षण दिसतं.

"माझ्यासाठी त्रास घेऊ नका," मिसेस स्ट्रँड म्हणाल्या. "मतदान गेल्या आठवड्यातच झालं. फ्लोरिडातलं एक कॉलेज घेतलंय."

"मग ही पाहणी?"

"ती करावी लागते. दोन-तीन ठिकाणी जाऊन आलो नाही, तर लोक म्हणतात आधीच ठरलेलं होतं."

टोलेफसननी भिंतीचा आधार घेतला. "म्हणजे रविवारी..."

"रविवारी तुम्ही दोघंही शर्यतीत नव्हता," मिसेस स्ट्रँड म्हणाल्या, आणि त्यांना पहिल्यांदाच थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं. "ब्लफ रिव्हर तर यादीतही नव्हतं."

मग कोचनी कोटाची बटणं लावली. एक बटण चुकलं, ते उघडून पुन्हा लावलं. कुलगुरू आडवे आले, म्हणाले, निदान कॉलेजच्या वकिलाशी बोलून घ्या.

"प्रेस्कॉट," टोलेफसन म्हणाले, "बाजूला हो."

शेरीफच्या कचेरीत ते स्वतःच्या पायांनी गेले. त्यांचा जबाब घेताना शेरीफने तीनदा विचारलं, की आपण हे कोणाच्या दबावाखाली तर बोलत नाही ना. शेरीफही त्यांचाच खेळाडू होता.

टेसाला मागच्या दाराने सोडलं. डेलने तिला मिठी मारली आणि तिचं जाकीट गळ्यापर्यंत बंद केलं, जणू ती पाच वर्षांची होती. तिने विचारलं, कोण होतं. डेलने सांगितलं.

"काहीतरीच काय, बाबा."

"खरं आहे, पोरी."

"कोणीतरी त्यांना म्हणायला लावलं असेल. आमचे कोच त्यांच्या हाताखाली शिकलेत. शर्यतीआधी आम्हाला त्यांच्याच गोष्टी सांगतात." ती मोटारीपाशी उभ्या असलेल्या अर्लकडे वळली. त्याच्या टोपीवर बायसन होता. "तुम्ही कॉटनवुडचे ना? सांगा यांना. कोच टोलेफसन असं करतील का?"

अर्लने तोंड उघडलं. दुपारपासून तो स्वतःला हेच विचारत होता. त्याने मोटारीचं मागचं दार उघडलं.

"बस," तो म्हणाला. "थंडी आहे."