प्रभूचा सदरा

बस सत्यशीला, चहा घे अगोदर. रिपोर्टचं विचारलंस ना, सांगते. मागच्या मंगळवारी मी वसमतच्या लॅबमधून तो आणला आन एसटीनं शिरड शहापूरला परत आले. एवढंच साधं काम. पण त्याच्या आधीचे तीन दिवस... ते मी कुणालाच सांगितले न्हाईत.

तुला ठावं हाय, ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या तवा घरात सगळ्यांचं रक्त तपासलं. माझ्या धाकट्या दिराची, प्रभूची, जुळणी सहापैकी सहा निघाली. मेंढरं राखणारं पोरगं. हसत म्हणालं, "वहिनी, घ्या की. दोन-दोन ठेवून काय करू?"

ऑपरेशनला आठ दिवस होते आन औंढ्याच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं.

मग मी दिली. माझी जुळणी सहापैकी एक. गोळ्यांच्या जोरावर चालेल म्हणाले डॉक्टर, आन चालली बी, तीन महिने. मग रक्तातलं क्रिएटिनीन चढायला लागलं. "शरीरानं परकं ओळखलं," डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं देऊन घरी पाठवलं. मंगळवारचा रिपोर्ट बघायचा, उतरलं न्हाई तर माझी किडनी बाद. रागच आला बघ मला. माझ्या अंगचं काढून दिलं, आन ह्या माणसाच्या अंगाला ते नको!

त्या दिवशी सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, मला जवळ बसवलं.

"सीमा, मेंढी परकं कोकरू पाजती का? लाथ मारती. मग तिचं मेलेलं कोकरू असतंय ना, त्याचं कातडं त्या परक्याच्या पाठीवर बांधायचं. वास वळखीचा आला की पाजती."

"त्याचं इथं काय, आत्याबाई?"

त्यांनी पेटीतून प्रभूचा सदरा काढला. मेला त्याच्या आदल्या दिवशीचा, न धुतलेला. मेंढरांचा, तंबाखूचा, घामाचा वास खोलीभर झाला.

मी बारावी सायन्स शिकलेली बाई. "काहीतरीच तुमचं!" म्हणाले. पण अडवलं न्हाई. त्यांनी सदरा ह्यांच्या पोटावर, टाक्यांच्या वणावरून, घट्ट बांधला.

"तीन दिवस. मग सोडायचा. कोकराचं बी तसंच. लई दिवस ठिवला तर..."

"तर काय?"

त्या उठून चुलीकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे अंगणात बसले होते. ह्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, मेंढरांशी कधी संबंध न्हाई. मेंढरं बी ह्यांना बघून लांब पळायची. पण त्या दिवशी म्हातारी मेंढी आली. सदरा हुंगला, आन पायाशी बसली. ह्यांनी जिभेनं टकटक आवाज केला. वाड्यातलं मेंढरांचं सगळं खांड उठून उभं राहिलं. प्रभू तसंच बोलवायचा.

"हे कवा शिकलात?"

"काय?" हे म्हणाले. खरंच ठावं नव्हतं त्यांना.

मंगळवारी रिपोर्ट हातात पडला. एक पॉइंट तीन! एसटीत मी हसले बी आन रडले बी. कंडक्टर बघतच राहिला. घरी आले तर हे खाटेवर, तोंडावर तजेला.

"उतरलं! आता सोडते हा सदरा," म्हणत मी गाठीला हात घातला.

गाठ जराशी सैल झाली, आन ह्यांचं तोंड पांढरं पडलं. कपाळाला घाम फुटला. श्वास अडकला. हात धरला माझा, थंडगार... आन हळूच म्हणाले,

"नका सोडू, वहिनी..."

लग्नाला नऊ वर्षं झालीत माझ्या. ह्यांनी मला कधी सीमाशिवाय हाक मारली न्हाई.

काय करणार होते मी, सांग? सोडला तर हे जातेत. मी गाठ परत आवळली. वरून आणखी एक मारली.

तब्येत चांगली हाय, जेवण बराबर जातंय. मेंढरं घेऊन गेलेत, येतील आता. आले की तूच हाक मार ह्यांच्या नावानं, शिवशंकर म्हणून. माझ्या हाकेला आठ दिवस झाले, ओ देत न्हाईत.