गार इंजिनाची अट

जुन्या मोटरसायकलीची किंमत ठरवताना आधी कागद बघू नयेत. आधी इंजिनावर तळहात ठेवावा. विकणारा हुशार असतो. गिऱ्हाईक यायच्या आधी तो गाडी चालवून गरम करून ठेवतो, कारण गरम इंजिन पहिल्या किकला उठतं आणि सगळी दुखणी झाकतं. मी एकदा पोळलोय, म्हणून ताकही फुंकून पितो. भंडाऱ्यात माझी अट सगळ्यांना ठाऊक आहे: इंजिन गरम लागलं की हा ईश्वर चहाही न घेता परत जातो.

पवनीच्या ज्योत्सनाला ही अट मी फोनवरच सांगितली होती. ती तुमसरला नर्स. वडील केवळराम नहरावर रात्रीचे चौकीदार होते. रोज पहाटे ड्युटीवरून घरी यायचे ते जावा मोटरसायकलवर. ते वारल्यापासून गाडी अंगणातल्या टिनाच्या खोलीत उभी होती. आई मंदाबाईंचे डोळे अधू झालेले, एकटं राहणं धोक्याचं, पण गाडी सोडून त्या हलायला तयार नव्हत्या. गाडी विकली गेली तरच आई तुमसरला येईल, असा ज्योत्सनाचा हिशेब होता.

डिसेंबरातली सकाळ होती. धानाच्या रिकाम्या बांध्यांवर धुकं बसलेलं. खोलीत शिरलो, इंजिनावर हात ठेवला आणि काढून घेतला. गरम होतं. मी ज्योत्सनाकडे नुसतं पाहिलं आणि परत फिरलो. ती फाटकापर्यंत मागे आली, कोणी गाडीला हातही लावला नाही म्हणून शपथा घेत राहिली. असल्या शपथा मी पुष्कळ ऐकल्यात.

पण नागपूरच्या एका संग्राहकाला अशीच जावा हवी होती, म्हणून दोन दिवसांनी न कळवता पुन्हा गेलो. पेट्रोलच्या टाकीवर दव साचलेलं होतं. सीट ओलसर. चाकांना कोळ्याची जाळी, तीही न तुटलेली. आणि इंजिन गरम.

कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते शोधल्याशिवाय आता मी हटणार नव्हतो. टाकी उघडली तर आत गंजाशिवाय काही नव्हतं. तरी कोणाला गाडी सुरू करता येऊ नये म्हणून प्लग काढून खिशात घातला. मग गाडी नीट तपासली. फ्रेमवरचा नि इंजिनावरचा नंबर जुळत होता, रंग मूळचाच. दोष एकच: मागे बसणाऱ्याचा डावा फुटरेस्ट मिटलेल्या अवस्थेत गंजून घट्ट बसलेला. हातोडी मारली, तेल सोडलं, तरी तसूभर हलला नाही. तो बहुधा कधी उघडलाच गेला नव्हता.

मंदाबाई दारात उभ्या होत्या. पायात निळ्या स्लिपर, एका पट्ट्याला तांब्याची तार गुंडाळलेली.

"मी कधीच बसली नाही त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "ते म्हणत, चाल, पवनी फिरवून आणतो. मले भेव लागे."

मी विचारलं, "मावशी, हे इंजिन गरम कसं?"

"थंडीत मी हात शेकतो त्याच्यावर," त्या सहज म्हणाल्या. मग रजा घेऊन घरीच थांबलेल्या ज्योत्सनाकडे वळून म्हणाल्या, "ज्या दिवशी हे गार लागन, त्या दिवशी मी निघीन. मंग मले अडवू नोको."

ज्योत्सनाचे डोळे भरून आले. माझीच अट त्या माउलीची अट होती, आणि आता ती पुरी करणं माझ्यावर आलं.

त्या रात्री पवनीतच ओळखीच्याकडे मुक्काम केला. सकाळी पाहिलं तर प्लग माझ्या खिशात आणि इंजिन गरम. प्लगच्या भोकावर बोट धरलं. आतून ऊबदार हवा येत होती, श्वासासारखी, थांबून थांबून.

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण घाबरून निघून गेलो असतो तर आयुष्यभर त्या भोकावर बोट राहिलं असतं. दिवसभर खोलीचा एकेक पत्रा ठोकून पाहिला, आत शिरायला दुसरी वाट नव्हती. संध्याकाळी बाजारातून नवं कुलूप आणून दाराला लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

मंदाबाईंनी विचारलं, "तो पाय ठेवाचा उघडला का जी?"

"नाही मावशी. उद्या कापून काढीन."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "ते उघडतीन."

सकाळी गेलो तेव्हा ज्योत्सना अंगणात चूल पेटवत होती. आई अजून उठली नाही म्हणाली. कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली सोडली, दार उघडलं, हात पुढे केला.

इंजिन गार होतं.

पुन्हा हात लावला. लोखंड डिसेंबरात असावं तसं गार. चाकांची कोळ्याची जाळी शाबूत. मला इतका आनंद झाला की मी बाहेर ओरडलोच, "ज्योत्सना, गार आहे, आईला सांग."

तिच्या बांगड्या वाजल्या, ती धावत घरात गेली. मी किंमत मनात जुळवत गाडीच्या डाव्या बाजूला आलो.

घरातून ज्योत्सनाची हाक आली, "आई."

फुटरेस्ट उघडा होता. सांध्यातला गंज पावडर होऊन जमिनीवर सांडला होता.

"आई?" या वेळी मागच्या खोलीतून.

मी खाली वाकलो. फुटरेस्टच्या खाली, धुळीत, निळ्या स्लिपर जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या. एका पट्ट्याला तांब्याची तार होती.