नाकारलेल्यांची यादी

केबलवरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीत माझं काम खुर्चीत बसून करायचं आहे. गिऱ्हाईकाच्या घरी राउटर लावून आमचा माणूस निघून जातो आणि पुढचं सगळं आपोआप होतं. राउटरला स्वतःचं काहीच ठाऊक नसतं. वीज मिळाली की तो तारेवर चाचपडत आमच्या सर्व्हरपर्यंत येतो, पत्ता मागतो, किती वाजले ते विचारतो आणि शेवटी आपल्या सेटिंगची फाइल मागतो. त्याचा नंबर आमच्याकडे नोंदलेला असला तर फाइल मिळते, दिवा हिरवा होतो. नसला तर तो नाकारलेल्यांच्या यादीत पडतो. मिनिटभराचं काम. कुणाला कुठे जावं लागत नाही.

मावशीकडचा राउटर मीच बसवून घेतला होता. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचा मुलगा, माझा दादा, परदेशात. रविवारी त्याचा चेहरा दिसावा म्हणून ही सोय. मावशीचं घर ऑफिसपासून बसनं पाऊण तास. आधी मी दर आठवड्याला जायचे, मग महिन्यातून एकदा. मग जाणं राहूनच गेलं.

सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन यायचा.

"अगं, दिवा लाल झालाय. येऊन बघतेस का जरा?"

"यायला कशाला हवं, मावशी? इथूनच करते." मी फाइल पुन्हा पाठवायचे. "झाला हिरवा?"

"झाला," ती म्हणायची, आणि फोन ठेवायला वेळ लावायची.

एकदा मी नोंदी उघडल्या. दर वेळी बंद पडण्याचं कारण एकच होतं: वीज काढली. तेव्हा तिच्या इमारतीतले बाकीचे राउटर सुरळीत चालू होते. मावशी स्वतःच पिन उपसत होती. कशासाठी, ते मला लगेच कळलं. कळूनही मी काय केलं, तर शेजारच्या खुर्चीवरच्या प्रोफेसरला हसत हसत ते सांगितलं. सगळं समजावून सांगायची खोड म्हणून त्याला हे नाव पडलंय. त्या दिवशी त्यानं काही समजावलं नाही.

पुढे फोन थांबले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. रोज सकाळी मी स्क्रीनवर तिच्या राउटरचा नंबर पाहायचे. हिरवा दिसला की बरी आहे म्हणायचे आणि कामाला लागायचे. एका शुक्रवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, चार दिवस झाले असावेत.

चारही दिवस दिवा हिरवा होता.

दादाला लगेच येणं जमणार नव्हतं. मी फोनवर सांगितलं, काल रात्री झोपेत गेली.

"तुझं बोलणं झालं होतं?"

"संध्याकाळीच. रोजच बोलायचो आम्ही."

"तू होतीस म्हणून," तो म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याची समजूत घातली.

राउटर मी घेऊन आले, गोदामात जमा केला, त्याचा नंबर आमच्या नोंदीतून काढून टाकला. तिसऱ्या आठवड्यात तो नंबर नाकारलेल्यांच्या यादीत दिसला. वेळ, सकाळचे अकरा वाजून पाच.

"कुणीतरी नंबर चोरला असेल," प्रोफेसर म्हणाला. "होतं असं."

मी गोदामात गेले. राउटर खोक्यात होता, वायरीला मीच लावलेलं रबर तसंच होतं. परत येईपर्यंत त्याच नंबरानं आणखी दोनदा फाइल मागितली होती. मागणी मावशीच्या इमारतीकडून येत होती. तिथे आमच्या लाइनमनला पाठवलं. त्याचा फोन आला.

"मॅडम, त्या घराला वायरच नाहीये. मीच गुंडाळून आणली होती ना, खांबापासून."

मागण्या रोज अकराच्या सुमारास येत राहिल्या. रोज सर्व्हर नाकारत राहिला.

नवव्या दिवशी मी तो नंबर पुन्हा नोंदला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. नाकारलं हा शब्द रोज वाचणं मला सोसवेना.

अकरा वाजून सात मिनिटांनी त्यानं पत्ता मागितला. किती वाजले ते विचारलं. फाइल घेतली. हिरवा झाला.

मग बंद पडला. कारणापुढे लिहिलं होतं: वीज काढली.

पुन्हा चालू. पुन्हा वीज काढली. पुन्हा.

मी पर्स उचलली. मावशीच्या घराकडे जाणारी बस पकडली.

घर रिकामं होतं. सामान गेलेलं, मीटरला सील. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ भिंतीपर्यंत आलं होतं. राउटरच्या जागी दोन खिळे होते. माझा फोन थरथरला. वायफाय जोडलं गेलं होतं. नाव मावशीच्या राउटरचं होतं, मीच ठेवलेलं.

मी जमिनीवर बसले आणि दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. पिन, हसणं, चार दिवस.

"मी सगळ्यांना सांगत होतो," तो म्हणाला, "आई एकटी नव्हती म्हणून."

"दादा."

"ठेवतो मी."

त्यानंतर त्यानं माझा फोन उचललेला नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कुलूप लावून मी खाली उतरले. फोनवर वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. रस्ता ओलांडल्यावर त्या कमी व्हायला हव्या होत्या. बसमध्येही भरलेल्याच होत्या. पाऊण तासानं, माझ्या खुर्चीत बसल्यावरही.

गेल्या आठवड्यात मी फोन बदलला. नव्या फोनला अजून कुठल्याच वायफायचा पासवर्ड दिलेला नाही. दुकानदारानं तो खोक्यातून काढला, चालू केला, आपोआप जोडल्या गेलेल्या वायफायच्या भरलेल्या काड्या पाहिल्या आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "रेंज चांगलीय तुमच्या घरची. इथपर्यंत येते."